देवळालीचा चहावाला मुहम्मद आणि आपल्या किनाऱ्याचे खलाशी

'माईंड युवर लँग्वेज' या जुन्या इंग्रजी मालिकेतला अली नदीम अनेक घरांत ओळखीचा आहे. मोबाईलवर तिच्या क्लिप अजून फिरतात. अलीचं काम करणारे दिनो शफीक मूळचे ढाक्याचे. त्याआधीपासून ते बीबीसीच्या दुसऱ्या एका विनोदी मालिकेत होते, आणि तिचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. 'इट एन्ट हाफ हॉट मम' हे तिचं नाव. ती १९७४ ते १९८१ या काळात चालली. कथा सुरू होते १९४५ साली, नाशिकजवळच्या देवळाली छावणीत. गोऱ्या सैनिकांची करमणूक करणारं तोफखान्याचं एक कलापथक आणि त्यांच्या भानगडी, एवढाच विषय. शफीक यांना काम मिळालं चहावाल्या मुहम्मदचं, तर बाबर भट्टी झाले पंखा ओढणारा रमझान.

आता ही मालिका खरी किती?

छावणीचा भाग बराच खरा आहे. दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीत तोफखान्याच्या कलापथकात होते. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक इथे पडून राहायचे, उन्हानं आणि कंटाळ्यानं त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरूनच इंग्रजीत वेडसर माणसासाठी 'डूलाली' हा शब्द आला. पूर्वी 'डूलाली टॅप' म्हणत. तो टॅप म्हणजे आपला साधा ताप! चित्रीकरण मात्र इंग्लंडमध्येच झालं, त्यामुळे नाशिकचे डोंगर शोधत बसू नये.

वाद होतो तो बेअरर रंगी राम या पात्रावरून. हे काम मायकल बेट्स या गोऱ्या नटानं तोंडाला रंग फासून केलं. ते जन्मले झाशीत, उर्दू चांगली बोलत, तरी गोऱ्यानं हिंदी माणूस व्हावं हे आज कुणाला पटत नाही. बीबीसीही ही मालिका पुन्हा दाखवत नाही. आक्षेप रास्तच आहे. पण आमच्या मते मोठी गफलत दुसरीकडे आहे. मालिकेतली मुख्य हिंदी माणसं तीन, आणि तिघंही नोकर. मुख्य पात्रांत वर्दीतला हिंदी शिपाई एकही नाही. प्रत्यक्षात १९४५ मध्ये हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती, आणि सक्तीची भरती नसताना.

आपल्या किनाऱ्याचंच बघा ना. मालवण, देवगड, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला. दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्रज सरकारच्या आरमारातले खलाशी मोठ्या प्रमाणात याच रत्नागिरी किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान होते. युद्ध सुरू झाल्यावर पंजाबपासून मद्रासपर्यंत भरती झाली. जमिनीवरच्या लष्करातही मराठा पलटणींत पहिल्या महायुद्धापर्यंत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. चहा आणि पंखा ही कामं आपल्या माणसांनी केलीच असणार, त्यात कमीपणा काही नाही. पण पडद्यावरचा मुसलमान तेवढाच उरला, तर नातवंडांना आजोबा कसे कळणार?

मालिकेचा काळ लक्षात घेतला तर आणखी एक गोष्ट खटकते. देवळालीतले ते विनोद १९४५ चे, आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नाविक केंद्रावरून आरमारी उठाव सुरू झाला. खराब जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा ही तात्कालिक कारणं. संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. छावणीतला हवालदार-मेजर ज्या भाषेत नोकरांवर खेकसतो आणि प्रेक्षक हसतात, तीच भाषा ऐकून खलाशी उठले होते. मालिकेत त्या संतापाचा मागमूस नाही.

ज्यांच्या घरात जुनी पेटी आहे त्यांनी एकदा ती उघडावी. पहिल्या महायुद्धाचं गोल चांदीचं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण किंवा खातं कोरलेलं असतं. घासून चमकवू नका, अक्षरं जातात. जे परतले नाहीत त्यांच्यासाठी मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी गृहात स्मारक आहे. त्या युद्धात समुद्रात गेलेल्या, कबरही न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नोंद तिथे आहे.