तेरीज जुळली, हिशेब समजला का?

व्यापारी घरातील मुलांना हिशेबाचे पहिले शिक्षण पूर्वी दुकानाच्या गादीवर मिळत असे. रोजमेळीत नोंद करावी, ती खतावणीत योग्य खात्यावर न्यावी, महिनाअखेर तेरीज काढावी आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक सापडेपर्यंत उठू नये, असा तो परिपाठ होता. त्यातून आणखी एक गोष्ट मुलाच्या मनावर बिंबत असे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेच, असे नव्हे. दुकानासाठी घेतलेल्या कपाटाची रक्कम माल-खरेदीच्या खात्यावर पडली, तरी दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात; नफा मात्र चुकीचा निघतो. बेरीज कितीही वेळा तपासली तरी ही चूक सापडत नाही. कपाट आणि माल यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून विद्यार्थ्यांना मिळणारी उत्तरे अशा जुळलेल्या तेरजेसारखी असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून निबंध, प्रकल्प, गणिते, सारे काही क्षणांत तयार मिळू लागले. भाषा सफाईदार असते, मांडणी नेटकी असते. परंतु चुकीचे उत्तरही ही साधने तितक्याच ठामपणे देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले. न्यायालयाने त्यांना व त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड केला. जे सुशिक्षित वकिलांच्या ध्यानात आले नाही, ते नववीतील मुलाच्या ध्यानात कसे यावे?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका शाळेत केला. सुमारे एक हजार विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. गणिताच्या सरावासाठी काहींना साधे चॅटजीपीटीसारखे साधन दिले, काहींना शिक्षकांच्या मार्गदर्शनाने घडवलेले व थेट उत्तराऐवजी केवळ सूचना देणारे साधन दिले, तर उरलेल्यांना नेहमीप्रमाणे पुस्तक व वहीवर ठेवले. सरावात पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. नंतर साधने काढून घेऊन परीक्षा झाली, तेव्हा पहिला गट वहीवर शिकलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. सूचना घेऊन शिकणाऱ्यांचे तसे नुकसान झाले नाही. विशेष म्हणजे, आपण कमी शिकलो याची जाणीव पहिल्या गटातील मुलांना नव्हती.

कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे; परंतु दोहोंत एक मोठे अंतर आहे. कॅल्क्युलेटर बेरीज करतो. कशाची बेरीज करायची हे माणसालाच ठरवावे लागते. नवे साधन हा निर्णयही स्वतःकडे घेते. विचारशक्तीचा सराव नेमका या निर्णयातच असतो.

संगणक साक्षरतेबाबतही हेच घडते. मोबाइलवर प्रश्न विचारता येणे म्हणजे संगणक येणे नव्हे. एक साधे उदाहरण पाहावे. करासह १,१८० रुपयांच्या बिलात १८ टक्के जीएसटी किती? मूळ किंमत १,००० आणि कर १८० रुपये. विद्यार्थ्याने रक्कम करासह आहे हे न सांगताच एक्सेलसाठी सूत्र मागितले, तर १,१८० वरच १८ टक्के लावणारे सूत्र मिळू शकते आणि कर २१२.४० रुपये दिसतो. संगणकाने गुणाकार अचूक केलेला असतो. चूक प्रश्नात असते. सूत्र कोणत्या रकान्यातील आकडा घेते आणि त्यावर काय करते, हे जो वाचू शकतो, त्याला एका बिलावर ३२.४० रुपयांचा फरक लगेच दिसतो. जो वाचू शकत नाही, तो तेच सूत्र शेकडो बिलांवर ओढत नेतो.

यावर बंदी हा उपाय नव्हे, कारण उद्याचा व्यापार या साधनांविना चालणार नाही. वापराची शिस्त मात्र घरातच लावता येईल. मुलाने प्रथम स्वतः प्रयत्न करावा, मग साधनाकडे उत्तर न मागता सूचना मागावी. मिळालेले उत्तर दुसऱ्या मार्गाने पडताळावे. एक्सेलचे सूत्र आयते मिळाले, तरी दोन-तीन बिले कागदावर सोडवून ते तपासावे. आणि शेवटी ते उत्तर वडिलांना किंवा आजोबांना स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावे. सांगताना अडखळला, तर तेथेच पुन्हा अभ्यास करावा.

जी मुले आज वह्या भरत आहेत, तीच उद्या पेढीची विवरणपत्रे भरणार आहेत. त्या विवरणपत्रातील चुकीला कोणतेही साधन उत्तरदायी राहत नाही. नाव पेढीचे असते आणि सही मालकाची. ज्या आकड्याखाली सही करायची, तो आकडा कोठून आला हे सांगता येणे, एवढी विद्या तरी मुलांच्या स्वतःच्या डोक्यात असावी.