तीन-चार मिलिमीटरच्या कोळ्याचा चेहरा

कोळ्याला चेहरा असतो, हे आपल्यातल्या बहुतेकांना फोटो पाहूनच कळलं. एरवी कोळी म्हणजे आठ पाय आणि मधे एक गोळा. पण कुंडीच्या काठावर, दाराच्या चौकटीवर किंवा गवताच्या पात्यावर टुणकन उडी मारणारा जो बारका कोळी दिसतो, त्याच्यापुढे भिंग धरून पाहा. दोन मोठे काळेभोर डोळे आपल्याकडे रोखलेले असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटे, आणि उरलेले चार डोक्यावर मागच्या बाजूला. हे साल्टिसिडी कुळ. सहा हजारांहून जास्त जाती असलेलं, कोळ्यांमधलं सगळ्यांत मोठं कुळ. भक्ष्यासाठी हा जाळं लावून बसत नाही. बघतो, दबा धरतो आणि झेप घेतो.

त्याचा फोटो काढणं अवघड का, हे साध्या हिशेबातून कळतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. नेहमीची मॅक्रो लेन्स वस्तूची एकास एक आकाराची प्रतिमा देते, म्हणजे चार मिलिमीटरचा कोळी चौकटीच्या रुंदीचा जेमतेम नववा हिस्सा व्यापतो. चेहरा भरून हवा असेल तर दुप्पट, तिप्पट, कधी पाचपट मोठं करावं लागतं. मग खरी पंचाईत सुरू होते. दुपटीला एफ ८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश, पाचपटीला त्याहून कितीतरी कमी. डोळे धारदार आले की पाय धुक्यात गेलेच. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करावं, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडतं.

साहित्य मात्र महागच हवं असं नाही. कॅननची पाचपटीपर्यंत जाणारी एमपी-ई ६५ ही लेन्स या छंदातली मानाची, पण लेन्सपुढे अडकवायचं रेनॉक्सचं भिंग किंवा अ‍ॅडॅप्टर रिंगवर उलटी लावलेली जुनी ५० मिलिमीटरची लेन्सही मजेत काम देते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या थॉमस शाहान यांनी उलट्या लेन्सांनी टिपलेले या कोळ्यांचे चेहरे जगभर पोचले. माझ्या मते लेन्सपेक्षा डिफ्यूझरवर जास्त डोकं चालवावं. फ्लॅशचा लखलखाट हजारांश सेकंदाहूनही कमी टिकतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत उतरत नाही. पण उघडा फ्लॅश कोळ्याच्या गुळगुळीत डोळ्यांवर भगभगीत ठिपका उमटवतो. फोमची शीट, ट्रेसिंग पेपर, जे हाताशी असेल त्याचा रुंद पडदा केला की प्रकाश मऊ होतो. हा पडदा डोळ्यांत हुबेहूब उमटतो. सरावलेल्या माणसाला त्या प्रतिबिंबावरून डिफ्यूझर कसा होता हे ओळखता येतं.

आणि आता गंमत पाहा. फोटोग्राफर ज्या धूसरपणाशी झगडतो, त्याच्याच जोरावर हा कोळी अंतर मोजतो. त्याच्या पुढच्या मुख्य डोळ्यांत दृष्टिपटलाचे चार थर एकामागे एक असतात. त्यांतल्या सगळ्यांत खोल दोन थरांना हिरवा प्रकाश कळतो. एका थरावर प्रतिमा रेखीव पडते, दुसऱ्यावर धूसर, आणि किती धूसर यावरून भक्ष्य किती लांब आहे हे ठरतं. जपानी संशोधकांनी २०१२ साली हासारियस अडान्सोनी या जातीवर हे दाखवलं. हिरव्या उजेडात तिची उडी अचूक बसली, तेवढ्याच लाल उजेडात मात्र ती आखूड पडली. हा कोळी आपल्याकडेही घरांच्या भिंतींवर सापडतो.

त्याचा डोळा बाहेरून हलत नाही. आतली नळी स्नायूंनी हलते. फिक्या, अर्धपारदर्शक जातींत ही हालचाल बाहेरूनही दिसते. डोळे पूर्ण काळे दिसले की समजावं, नजर थेट लेन्सवर आहे. क्लिक करायचं ते तेव्हाच. मागून गुपचूप जाण्यात अर्थ नाही, कारण बाजूचे डोळे जवळजवळ चहूकडची हालचाल टिपतात. त्यापेक्षा डाव्या हातात पान धरावं, लेन्स त्याच हातावर टेकवावी आणि सावकाश पुढे व्हावं. कोळी बहुधा कुतूहलाने वळतोच. कधी थेट लेन्सवर उडी घेतो.

थोडा थोडा फोकस सरकवत काढलेले अनेक फोटो संगणकावर जोडले, की सगळा कोळी स्पष्ट दिसतो. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. जिवंत कोळी इतका वेळ थांबत नाही, म्हणून काही जण त्याला आधी फ्रिजमध्ये गार करतात. गारठून आखडलेल्या प्राण्याचा रानातला फोटो म्हणून डौल मिरवण्यात मला काही राम वाटत नाही. पहाटेच्या गारव्यात तो आपसूकच मंद असतो, तेव्हाच जावं.

दिवाळीच्या सुमाराला गवत उंच वाढलेलं असतं आणि हे काम ऐन रंगात असतं. आंब्यावरच्या तांबड्या हुमल्यांच्या रांगेत एखादी ‘मुंगी’ आठ पायांची निघते. ती मिर्माप्लाटा प्लाटालिओइडीस. तिच्या नराचे जबडे इतके लांब, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असं वाटावं. फिंटेला व्हिटाटा पट्ट्यापट्ट्यांनी चमकतो, पण त्याची एक चमक साध्या कॅमेऱ्याला कधीच सापडत नाही: नराच्या अंगावरून अतिनील-बी किरण परावर्तित होतात आणि मादी त्यांना प्रतिसाद देते. आपल्या लेन्सची काच ते किरण आत येऊच देत नाही.

नव्या जाती शोधायला दूरच्या रानात जावं लागतं असंही नाही. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका नव्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला इशियस तुकारामी हे नाव मिळालं, २६/११ च्या हल्ल्यात कसाबला पकडताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. अशी नवी जात ठरते ती मात्र फोटोवरून नाही. त्यासाठी नराचे पेडिपाल्प, म्हणजे चेहऱ्यापुढचे दोन आखूड अवयव, आणि मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. पण नमुना अल्कोहोलमध्ये गेला की रंग उडतात, आणि जिवंतपणीच्या रंगांची नोंद फोटोच देतो. नोंद म्हणून काढायचा असेल तर देखण्या चेहऱ्यावर थांबू नये. वरून आणि बाजूने एकेक फोटो काढावा, पेडिपाल्प स्पष्ट येतील असं पाहावं, आणि तारीख, ठिकाण, झाडाचं नाव तिथल्या तिथे लिहून ठेवावं.