एका गिरणीघराण्याची कागदी वंशावळ

१९०१ साली सर दिनशा माणेकजी पेटिट वारले आणि त्यांच्या जागी सर दिनशा माणेकजी पेटिट आले. १९३३ मध्ये तेही गेले, तेव्हा किताब पुन्हा सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्याकडेच गेला. मुंबईच्या गिरणीधंद्याचा इतिहास चाळणारा नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. ही एका माणसाची नाही, तीन माणसांची गोष्ट आहे. पहिले आजोबा, दुसरे नातू, तिसरे पणतू. नातवाचे जन्मनाव होते जीजीभाई फ्रामजी. वडील फ्रामजी आजोबांच्या आधीच गेल्यामुळे किताब थेट नातवाकडे आला आणि त्याबरोबर आजोबांचे नावही आले.

बॅरोनेट हा ब्रिटिशांचा वंशपरंपरागत किताब. तो टिकवायचा तर त्याच्या इतमामाला साजेशी इस्टेट वारसाच्या हाती राहायला हवी. नाहीतर दोन पिढ्यांत वाटण्या होऊन उरायचे नुसते 'सर'. म्हणून इस्टेट विश्वस्तांच्या ताब्यात द्यायची, वारसाने तिचे उत्पन्न खायचे, मूळ मालमत्ता विकायची नाही, अशी सोय कायद्यानेच करून घेण्याचा पायंडा मुंबईतले पहिले बॅरोनेट जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याने १८६० मध्ये पाडला होता. पेटिटांसाठी तसा स्वतंत्र कायदा १८९३ मध्ये झाला. गिरणीमालकांची वंशावळ पाळण्याइतकीच कागदावर हलते. विश्वस्तपत्र, कराराचा मसुदा, कोर्टाचा निकाल, जमिनीचा उतारा. या घराण्याच्या कथेत दर वळणावर असा एखादा कागद भेटतो.

पेटिट मूळचे सुरतेचे. मुंबईत आलेले नसरवानजी कावसजी फ्रेंच जहाजांशी व्यवहार करत. अंगाने ते बुटके. फ्रेंच खलाशी त्यांना आपल्या भाषेत 'छोटा' म्हणत आणि तेच आडनाव झाले, अशी घराण्यातली कथा आहे. त्यांचे चिरंजीव माणेकजी दलाली आणि व्यापारातून गिरणीकडे वळले. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावरांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. त्यामागोमाग निघालेल्या ओरिएंटल गिरणीच्या उभारणीत माणेकजी होते. १८५९ मध्ये ते वारले. दिनशांनी १८६० मध्ये काढलेल्या गिरणीला वडिलांचे नाव दिले. पुढे माणेकजी पेटिट, दिनशा पेटिट, बोमनजी पेटिट, फ्रामजी पेटिट अशी गिरण्यांची नावे वाचत गेले की घराण्याचा वंशवृक्षच वाचल्यासारखे होते.

गिरणी मात्र कंपनीची होती, भाग लोकांनी घेतलेले होते. मग ती घराण्यात राहायची कशी? त्याचे उत्तर मॅनेजिंग एजन्सी. कंपनी आपला कारभार कराराने एका एजंट पेढीकडे सोपवी आणि ती पेढी घरचीच असे. बाप गेला की पेढीत मुलगा येई, आणि पेढीबरोबर गिरणीही त्याच्या हाताखाली येई. सुरुवातीच्या अनेक गिरण्यांत एजंटांचे कमिशन होते कातलेल्या दर पौंड सुतामागे पाव आणा. इथेच खरी मेख आहे. कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर होते. सूत खपो न खपो, भागधारकाला लाभांश मिळो न मिळो, चात्या फिरत्या राहिल्या की एजंटाचा पाव आणा पक्का. पुढे हळूहळू नफ्यावरचे कमिशन रूढ झाले. पण वारसाहक्काने चालणारी ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९७० साल उजाडावे लागले.

पहिल्या दिनशांना १८८७ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि १८९० मध्ये ते बॅरोनेट झाले. त्याच १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने काही वर्षे सभा आणि अर्ज यांचा धडाका लावला होता. मालकाला पिढ्यान्‌पिढ्या चालणारा किताब आणि कामगाराला आठवड्यातला एक दिवस, दोन्ही एकाच वर्षातले.

पैसा गिरणीबाहेरही आला, हे मान्यच करायला हवे. आज माटुंग्याला असलेली व्हीजेटीआय १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झाली ती पेटिटांच्या मदतीने. परळला मुकी जनावरे घेऊन माणसे ज्या बैलघोडा हॉस्पिटलात येतात, ते दिनशांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे आहे. फोर्टातले जे. एन. पेटिट ग्रंथालय दिनशांचे पुतणे जमशेटजी नसरवानजी यांच्या स्मरणार्थ आहे. म्हणजे गिरण्यांवरून पेटिट नाव पुसले गेल्यावरही ते दवाखान्यावर आणि ग्रंथालयावर टिकले.

या झाडाला काही अनपेक्षित फांद्याही फुटल्या. १९१५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधींच्या स्वागताचा मोठा समारंभ जहांगीर बोमनजी पेटिटांच्या बंगल्यावर झाला. काठेवाडी पोशाखातले आपण त्या झगमगाटात अगदीच खेडवळ दिसत होतो, असे गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे. याच घराण्यातल्या मिठूबेन पेटिट १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरल्या, खादीच्या प्रचाराला लागल्या आणि पुढचे आयुष्य त्यांनी गुजरातेत मरोलीच्या आश्रमात काढले. गिरणीच्या सुतावर वाढलेल्या घरातली लेक चरख्याच्या सुताकडे गेली.

पण वंशावळीचा खरा पेच कोर्टात उभा राहिला. जमशेटजी टाटांचे नातलग आणि भागीदार रतनजी दादाभाई टाटा यांनी फ्रेंच बाई सुझान ब्रिएर यांच्याशी लग्न केले होते. सुझान पारशी धर्मात आल्या आणि सूनी झाल्या. पण धर्मांतराने आलेल्या व्यक्तीला पारशी पंचायतीच्या विश्वस्त निधींचा, अग्यारीचा, अंत्यविधीच्या दख्म्याचा हक्क आहे का? त्यावर मुंबई उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. एका बाजूला दुसरे बॅरोनेट सर दिनशा पेटिट, दुसऱ्या बाजूला पंचायतीचे विश्वस्त आणि त्यांच्यात पहिल्या जमशेटजींचाच किताब आणि नाव चालवणारे तेव्हाचे सर जमशेटजी जीजीभॉय. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निकाल दिला. धर्मांतरिताला या निधींवर हक्क नाही. मात्र पारशी बापाची मुले, आई परकी असली तरी, धर्मात रीतसर घेतलेली असतील तर पारशीच. थोडक्यात, वंश बापाकडून मोजायचा.

हा निकाल पेटिटांच्या घरात दोनदा आला. सूनी टाटांची मुलगी सिल्ला, म्हणजे जे. आर. डी. टाटांची बहीण, तिसऱ्या बॅरोनेटशी लग्न करून पेटिटांची सून झाली. निकालाच्या हिशेबाने ती पारशी, कारण बाप पारशी. दुसऱ्या बाजूला घरची लेक रतनबाई, सगळ्यांची रत्ती. १९ एप्रिल १९१८ ला, अठरा वर्षांची पुरी झाल्यावर, तिने बॅरिस्टर महंमद अली जिनांशी लग्न केले. सूनी टाटांसाठी कोर्टात उभे राहिलेले सर दिनशा पोटच्या मुलीच्या लग्नाला मात्र कट्टर विरोधक ठरले. परकी बाई घरात येणे त्यांना चालत होते, घरची मुलगी बाहेर जाणे चालत नव्हते. रत्ती १९२९ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी गेली.

तिची एकुलती एक मुलगी दीना. १९३८ मध्ये दीनाने नेव्हिल वाडियांशी लग्न केले. आता नाराज व्हायची पाळी जिनांची होती. वाडिया हे लवजी नसरवानजींचे वंशज. लवजी १७३६ मध्ये सुरतेहून गोदी बांधायला मुंबईत आले होते. त्याच घराण्यातल्या नवरोजी वाडियांनी १८७९ मध्ये सूत रंगवण्याचा कारखाना काढला आणि त्यातून बॉम्बे डाईंग उभी राहिली. परळला वाडिया हॉस्पिटलात जन्मलेली कितीतरी गिरणगावची मुले आहेत. ते प्रसूतिगृह १९२६ चे, नवरोजींच्या नावाचे. पुण्याच्या वाडिया कॉलेजलाही त्यांचेच नाव. पेटिटांच्या लेकीची लेक अशी पुन्हा एका गिरणीमालकाच्या घरात गेली.

दीनांचे चिरंजीव नस्ली. १९७१ मध्ये नेव्हिल वाडिया बॉम्बे डाईंग विकायला निघाले, तेव्हा नस्लींनी जे. आर. डी. टाटांच्या पाठबळावर भाग जमवून बापाचा बेत मोडला. २००७ मध्ये ८८ वर्षांच्या दीना वाडियांनी मलबार हिलच्या जिना हाऊसवर वारस म्हणून दावा लावला. त्यांचा युक्तिवाद असा, की जिना खोजा मुसलमान होते आणि खोजांना वारशाच्या बाबतीत हिंदू कायदा लागू होतो. पाकिस्तानच्या निर्मात्याच्या घरासाठी हिंदू वारसाकायद्याचा आधार! वंशावळीला कागद लागतो तो असा.

आणि आता जमीन. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर अनेक गिरण्या नीट उभ्याच राहिल्या नाहीत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीची जागा विकसित करताना तिचे तीन वाटे करायचे होते. एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीत ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाईंगच्या खटल्यात ती दुरुस्ती उचलून धरली. २०२३ मध्ये बॉम्बे डाईंगने वरळीची सुमारे २२ एकर जमीन एका जपानी समूहाला ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा सौदा जाहीर केला. चात्या थांबल्या, वारसा थांबला नाही.

गिरणीत वारसाहक्क खालीही चाले. गावाकडचा माणूस जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीने बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागे, बापाच्या खात्यात पुढे मुलगा लागे. त्याची नोंद कुठल्या कायद्यात नव्हती. ती होती हजेरीच्या तिकिटात. आज म्हाडाच्या गिरणी कामगार घरयोजनेत १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र धरतात. त्यासाठी तिकीट नंबर, पगाराची पावती, ई.एस.आय. कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, असले कागद लागतात. सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५.

पेटिटांची वंशावळ कायद्याने, निकालांनी आणि खतांनी जपून ठेवली. कामगाराची वंशावळ ट्रंकेतल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांवर उभी आहे. तुमच्या घरात कुणी गिरणीत होते का? असतील तर त्यांचे तिकीट, पावती, कार्ड शोधून ठेवा. तुमच्या वारशाचा दाखला तेवढाच आहे.