घर मिळालं म्हणून गावावरचा हक्क जात नाही

काळ्या समुद्राकाठचं सुखुमी शहर 27 सप्टेंबर 1993 रोजी पडलं. जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियातल्या त्या युद्धात सुमारे अडीच लाख लोकांना, बहुतेक जॉर्जियन वंशाच्या, घरदार सोडावं लागलं. कित्येक जण स्वानेतीच्या खिंडीतून पायी निघाले आणि वाटेत थंडीने दगावले. रशियाशी झालेल्या ऑगस्ट 2008च्या युद्धानंतर दक्षिण ओसेशिया या दुसऱ्या फुटीर प्रदेशातल्या लोकांची त्यांत भर पडली. जेमतेम 37 लाख वस्तीच्या जॉर्जियात आज जवळपास 3 लाख जण विस्थापित म्हणून नोंदलेले आहेत. त्यांना जगाकडून काय मिळतं, याबद्दल मात्र भलतेच समज पसरलेले दिसतात.

गैरसमज: हे निर्वासित आहेत, तेव्हा त्यांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांची.

वस्तुस्थिती: 1951चा निर्वासितविषयक करार देशाची सीमा ओलांडलेल्यांना लागू होतो. सुखुमीहून राजधानी तिब्लिसीला आलेला माणूस कायद्याने आपल्याच देशात आहे, म्हणून पहिली जबाबदारी त्याच्या सरकारची. त्याच्यासाठी 1998ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण तो बंधनकारक करार नव्हे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था अशांनाही मदत करते, तीही मुख्यतः देशांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशांवर.

गैरसमज: पक्कं घर दिलं की परतीचा दावा संपतो.

वस्तुस्थिती: या समजाने सर्वांत जास्त माणसं भरडली. लोक इथे रुजले तर अबखाझियावरचा आपला दावा कमजोर होईल, या भीतीने जॉर्जियाच्या सरकारने अनेक वर्षं त्यांना तात्पुरतंच ठेवलं. तिब्लिसीतलं इवेरिया हे आलिशान हॉटेल विस्थापितांनी भरून गेलं. खोली अपुरी पडायची म्हणून लोकांनी गॅलऱ्या प्लायवूडने आणि प्लास्टिकने बंद केल्या. 2004मध्ये खोलीमागे 7,000 डॉलर देऊन त्यांना तिथून हलवलं. त्स्काल्तुबोच्या सोव्हिएत काळातल्या आरोग्यधामांत तर छताला गळती, खिडकीतून बाहेर काढलेलं चुलीचं धुराडं, अशा अवस्थेत पोरांची लग्नं झाली, नातवंडं जन्मली. सरकारने भूमिका बदलली ती 2007च्या धोरणात: सन्मानाने परतणं आणि तोवर इथे नीट जगणं, ही दोन्ही उद्दिष्टं एकत्र मांडली गेली. 1998च्या तत्त्वांतही परत जायचं की दुसरीकडे वसायचं, ही निवड माणसाची स्वतःची मानली आहे. सदनिकेची चावी हाती आली म्हणून सुखुमीतल्या घरावरची मालकी जात नाही.

गैरसमज: मदत सगळ्यांना सारखीच पोहोचते.

वस्तुस्थिती: ऑक्टोबर 2008मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत जॉर्जियासाठी साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. त्या वर्षी बेघर झालेल्यांसाठी त्सेरोवानीला महामार्गालगत सुमारे 2,000 बैठी घरं काही महिन्यांत उभी राहिली. पंधरा वर्षांपूर्वी आलेले मात्र अजून जुन्या इमारतींतच होते. जग ताज्या जखमेकडे आधी पाहतं. हे अन्यायाचं आहे.

गैरसमज: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव म्हणजे नुसता कागद.

वस्तुस्थिती: त्यांनी कोणी घरी परतत नाही, हे खरं. पण विस्थापितांच्या परतीवरच्या 2008च्या पहिल्या ठरावाला 14 मतं होती, विरोधात 11, आणि 105 देश तटस्थ राहिले. 2023मध्ये बाजूने 100 मतं पडली. वंश कोणताही असो, परतीचा आणि मालमत्तेचा हक्क कायम आहे, हे दरवर्षी नोंदलं जातं. लोकांची घरं परस्पर दुसऱ्यांच्या नावावर होत असताना ही नोंद कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

गैरसमज: परत कोणी गेलंच नाही.

वस्तुस्थिती: अबखाझियाच्या गाली जिल्ह्यात हजारो जॉर्जियन परतले आहेत. जिल्ह्यातल्या शाळांत 2015पासून टप्प्याटप्प्याने जॉर्जियनऐवजी रशियन माध्यम आणलं गेलं, आणि सीमेवरची एंगुरी नदी ओलांडायलाही कागदपत्रांची अडचण. संयुक्त राष्ट्रांचं निरीक्षक पथक रशियाच्या नकाराधिकारामुळे जून 2009मध्ये गुंडाळावं लागलं. युरोपीय संघाचे निःशस्त्र निरीक्षक 2008पासून आहेत, पण त्यांना अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियात जाऊ दिलं जात नाही. या संघर्षावरच्या जीनिव्हाच्या वाटाघाटींत विस्थापितांचा विषय निघाला की रशियाचे, अबखाझियाचे आणि दक्षिण ओसेशियाचे प्रतिनिधी उठून जातात. परतलेल्यांचं रक्षण व्हायचं असेल, तर गालीत पुन्हा तटस्थ निरीक्षक पोहोचलेच पाहिजेत.