जांभळ्या रंगाची भूल

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. ओळखीचे एक गृहस्थ कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. (मुलाच्या संमतीनेच लिहितो आहे.) त्याची झोप उडालेली, अभ्यास सुटलेला. शेजारचे लोक भिंतीपलीकडून आपल्याविषयीच बोलतात, असा त्याला सारखा संशय. वडिलांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा रोज गांजा ओढत असल्याचे त्याने कबूल केले. वर मलाच समजावू लागला, ''काका, माझा साधा नाही, जांभळा आहे. तो औषधी असतो. अमेरिकेत त्याची खास पैदास करतात.''

पैदास करतात हे खरे. पण वाचकहो, हा रंग आहे तरी काय? जांभूळ, कोकम आणि वांग्याची साल यांना रंग देणारी अँथोसायनिन गटातली द्रव्येच गांजाच्या झाडातही असतात. ती पेशीच्या आतल्या पाण्यात विरघळलेली असतात. नशा आणणारे टीएचसी मात्र मुख्यतः मादी फुलांवरच्या बारीक, चिकट ग्रंथींत तयार होते. रंगाचे दुकान वेगळे, नशेचे वेगळे! रंग पाहून माल कडक की सौम्य हे कुणालाही सांगता येणार नाही, मग औषधीपणाची गोष्ट दूरच.

काही झाडांत हा रंग वंशातूनच येतो, काहींत रात्री थंड झाल्या की उमटतो. जमिनीत स्फुरद कमी पडले की मक्याची पाने जांभळी पडतात, हे आपले शेतकरी जाणतात. तिथे तो रंग उपासमारीची खूण असतो.

कॅलिफोर्नियात १९९६ साली औषधी वापराला कायद्याने वाट मिळाली. तिथल्या बागवानांनी जांभळी झाडे निवडून त्यांचे संकर केले, कारण रंग नुसत्या डोळ्यांनी पारखता येतो आणि गिऱ्हाइकाला आवडतो. टीएचसी किती, हे प्रयोगशाळेत तपासावे लागते. तीही निवड झालीच. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालात १९९५ साली टीएचसी सुमारे ४ टक्के होते, २०१४ साली ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. त्याच काळात नशा न आणणारे सीबीडी कमी झाले.

मला काळजी वाटली ती या आकड्यांमुळे. कडक गांजा रोज ओढणाऱ्या तरुणांत भास आणि संशयाच्या आजाराचा धोका बराच वाढतो. घराण्यात तसा आजार असेल तर अधिकच. म्हणून विचारले, ''घरात कुणाला असा त्रास होता का रे?'' पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, ''थोरल्या मामाला.''

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाला बंदी आहे, हे वडिलांनी त्याला दहादा ऐकवले होते. मामाचे मात्र घरात कुणी बोलतच नव्हते. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली. गांजा बंद झाला, गोळ्या सुरू झाल्या.

परवा तो पुन्हा आला होता. झोप अजून पुरती नाही. ''शेजारचे?'' मी विचारले.

''बोलतात अधूनमधून,'' तो म्हणाला, ''पण आता मी आईला विचारून खात्री करतो.''