रुग्णशुश्रूषेची पहिली पायरी

परिचारिका अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांसाठी, तसेच घरी रुग्ण असलेल्या सभासदांसाठी शुश्रूषेतील काही मूलभूत गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत. आमच्या केंदूर गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु मोठ्या उपचारासाठी पुणे गाठावे लागते. अर्धांगवायूचा किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण तेथून घरी परततो, तेव्हा डॉक्टर व यंत्रे मागे राहतात. पुढे त्याचा जीव घरच्यांच्या हाती असतो.

शुश्रूषेचा थोर वारसा आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी मांडले ते १८९८ साली. सावित्रीबाईंपाशी करुणा होती, हे ज्ञान तेव्हा कोणापाशीच नव्हते. आज ते आपल्यापाशी आहे. म्हणून ते न वापरणे हा अपराध ठरेल.

पहिला नियम हात धुण्याचा. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर साबणाने बोटांच्या बेचक्या, नखे व अंगठे चोळून हात धुवावेत. १८४७ साली व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले.

दुसरा नियम निरीक्षणाचा. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २० आणि ताप साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट असावा. नाडी व श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि वेळेसह वहीत लिहावेत. एका नोंदीपेक्षा चार नोंदींतील बदल अधिक सांगून जातो. धाप लागली, रुग्ण ग्लानीत गेला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर उद्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरा नियम कूस बदलण्याचा. हाड व गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली गेली की तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरू लागते. यालाच शय्याव्रण किंवा बेडसोर म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर व डोक्याची मागची बाजू या जागा रोज तपासाव्यात. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर ती धोक्याची घंटा समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तेथे त्वचा अधिक काळसर, गरम किंवा टणक लागते. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. रुग्णाला ओढू नये. चादरीच्या साहाय्याने दोघांनी उचलावे. डाग पडलेल्या जागी मालिश करू नये, त्याने इजा वाढते. अंथरूण कोरडे ठेवावे. हवेची गादी उपयोगी आहे, पण तिच्यामुळे कूस बदलण्यातून सुटका नाही.

चौथा नियम अन्नपाण्याचा. आडव्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला बसते करून लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवावे. दात, जीभ व हिरड्या रोज दोनदा स्वच्छ कराव्यात. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे.

शेवटचा नियम पुस्तकात एका ओळीत असतो, पण आम्हांस तो फार मोठा वाटतो. अंग पुसताना आडोसा करावा, काय करणार आहोत ते आधी सांगावे, आणि मलमूत्र काढताना नाक मुरडू नये. अंथरुणाला खिळलेला माणूसही माणूसच असतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही कामे हलकी नाहीत. त्यांना पैसा फारसा लागत नाही. घड्याळ, वही, साबण आणि चिकाटी लागते. सुटीत गावी आल्यावर आपण शिकलेले निदान एका घराला तरी शिकवावे, हीच आमची अपेक्षा.