मोटारसायकलचा गार्ड कसा निवडावा

नाशिकहून निफाडमार्गें येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर विंचूर हें गांव लागतें. पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळें त्याचें नांव इतिहासांत राहिलें. आज तें भोंवतालच्या द्राक्षबागांमुळें आणि कांद्याच्या बाजारामुळें ओळखलें जातें. लासलगांव बाजार समितीचा उपबाजार येथें आहे. लिलावाच्या दिवशीं ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि त्यांमधील चिंचोळ्या जागेंतून मोटारसायकली वाट काढीत असतात. अशा वेळीं एखादा शेतकरी पुढचा ट्रॅक्टर थांबला म्हणून आपली गाडी थांबवितो व पाय टेकतो. पायाखालीं कांद्याचीं ओलीं टरफलें असतात. पाय सरकतो आणि उभी गाडी आडवी होते. वेग नाहीं, टक्कर नाहीं. पाहणारांना क्षणभर हसूंही येतें. पण गाडी उचलल्यावर दिसतें कीं, क्लचची लिव्हर मुळाशीं तुटली आहे आणि एंजिनाच्या झांकणाला तडा जाऊन तेल ठिबकत आहे. घरीं परतण्याचें साधन त्या क्षणीं निकामी होतें, आणि कांद्याच्या आलेल्या पैशांतील कांहीं भाग दुरुस्तीकडे वळतो.

शहरांतील कुटुंबांनाही हा प्रसंग अपरिचित नाहीं. पावसाळ्यांत मऊ मातींत साइड स्टँड रुततो आणि रात्रीं उभी केलेली गाडी सकाळीं आडवी सांपडते. वाहनतळावर एक गाडी कलंडली कीं, शेजारच्या दोनचार तिच्याबरोबर जातात. म्हणून नवी गाडी घरांत येतांच तिला गार्ड बसविण्याचा विचार होतो. दुकानांत मात्र निवड बहुधा चकाकीवरून केली जाते. वस्तुतः गार्ड हा एका विशिष्ट आघातासाठीं असतो. तो आघात कसा होतो हें समजलें कीं, निवडीचें काम निम्म्यानें हलकें होतें.

साध्या मोटारसायकलचें वजन सुमारें ११० ते १२० किलो असतें. भारी गाड्यांचें १८० किलोंच्याही वर जातें. गाडी सरळ उभी असतां हा भार चाकांवर असतो आणि चालकाला तो जाणवतही नाहीं. गाडी कलली कीं त्याचा कांहीं अंश पायावर येतो; कल जसजसा वाढतो, तसतसा हा अंश झपाट्यानें वाढत जातो. एका मर्यादेपुढें धडधाकट माणसालाही तो सांवरत नाहीं. गाडी पडतांना हँडलाचें टोंक, मधला फुटरेस्ट किंवा एंजिनाचें झांकण, आणि मागचा भाग हीं ठिकाणें प्रथम जमिनीस भिडतात. डावीकडे पडल्यास क्लचची लिव्हर व गिअरचें पेडल सांपडतें. उजवीकडे पडल्यास पुढच्या ब्रेकची लिव्हर, मागच्या ब्रेकचें पेडल आणि बहुधा सायलेन्सर सांपडतो. चालकाचा पाय वेळींच निघाला नाहीं, तर तोही गाडीखालीं येतो.

या आघातासाठीं मुख्यतः दोन प्रकारचे गार्ड मिळतात. पहिला पोलादी नळीचा कमानदार गार्ड. तो एंजिनाच्या पुढें बसविलेला असतो आणि गाडी पडली कीं त्याची कमान जमिनीवर टेकते. त्यामुळें एंजिन जमिनीपासून दूर राहतें आणि पायाला थोडी मोकळी जागा मिळते. दुसरा प्रकार म्हणजे कठीण नायलॉनसारख्या द्रव्याचा आंखूड ठोकळा, ज्यास स्लायडर म्हणतात. हा दिसावयास सुटसुटीत असतो. परंतु पुष्कळदां तो एंजिनाला आवळणाऱ्या एकाच बोल्टावर उभा असतो. ठोकळा जितका लांब, तितकी त्याची तरफ मोठी. पडतांना बसणारा धक्का मग त्या बोल्टाला पिळतो, आणि जें एंजिन वांचवावयाचें त्याच्याच बैठकीला इजा होते. हलक्या गाडीला आंखूड, रुंद बुडाचा स्लायडर चालतो. ओझें वाहणाऱ्या गाडीला कमानदार गार्ड अधिक उपयोगी पडतो.

कमानदार गार्ड जितका दणकट तितका चांगला, ही समजूत मात्र खरी नाहीं. ढाल कितीही भक्कम असली, तरी ती धरणारें मनगट दुबळें असेल तर घाव मनगटावरच जातो. गाडीच्या बाबतींत हें मनगट म्हणजे तिचा सांगाडा, ज्याला कारागीर चासी म्हणतात. गार्ड मुळींच वांकत नसेल, तर सगळा धक्का चासीकडे पोंचतो. वांकडा झालेला गार्ड थोडक्या पैशांत बदलतां येतो. वांकडी झालेली चासी गाडीचें आयुष्यच संपविते. म्हणून पडल्यावर थोडा वांकलेला गार्ड पाहून हळहळूं नये. त्यानें आपलें काम केलेलें असतें.

मग विकत घेतांना पाहावें काय? पहिली गोष्ट जोडणी. गार्ड प्रत्येक बाजूस निदान दोन ठिकाणीं चासीला घट्ट बसावा, आणि डाव्या व उजव्या कमानी मधल्या आडव्या नळीनें एकमेकींस जोडलेल्या असाव्यात. त्यामुळें एका बाजूचा धक्का दोन्ही बाजूंत वांटला जातो. पातळ पत्र्याच्या पट्टीवर लोंबणारा गार्ड घेऊं नये. दुसरी गोष्ट नळी. तितक्याच वजनाच्या भरीव गजापेक्षां मोठ्या व्यासाची पोकळ नळी वांकण्यास अधिक विरोध करते. म्हणून गार्ड हातांत जड लागला म्हणजे तो मजबूत असें समजूं नये. जोडाचें वेल्डिंग सलग आहे कीं ठिपक्याठिपक्यांनीं उरकलें आहे, हें बोटानें चांचपून पाहावें. तिसरी गोष्ट मोकळीक. हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवून, आणि पुढील भाग दाबून चाक वर आणून, गार्ड कोठें घासत नाहीं ना हें तपासावें. पेडलावर पाय सहज पोंचला पाहिजे.

चौथी गोष्ट रुंदी. गार्ड इतका बाहेर असावा कीं एंजिनाच्या आधीं तो जमिनीस लागेल. पण हँडलाच्या टोंकांपलीकडे तो जाऊं नये. चालकाची नजर हँडलाच्या रुंदीला सरावलेली असते. विंचूरच्या बाजारांत काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, अधिक पुढें आलेली कमान पायीं चालणाराच्या नडगीवर आदळते किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत अडकते, आणि पडण्यापासून वांचविणारी वस्तूच गाडी पाडते.

ही रुंदी घरींच तपासतां येते. एक सरळ काठी घेऊन तिचें एक टोंक गार्डाच्या सर्वांत बाहेरील बिंदूस आणि दुसरें मागच्या फुटरेस्टच्या टोंकास लावावें. काठीच्या बाहेर एंजिनाचा जो भाग डोकावेल, तो पडतांना मार खाणार. मग गार्ड बदलावा किंवा त्या भागावर जाड झांकण बसवावें. लिव्हरसाठीं एक जुनी युक्ति आहे: तिचा पट्टा हँडलावर इतकाच आवळावा कीं, नेहमींच्या वापरांत तो हलूं नये, पण जोराचा धक्का बसतांच फिरावा. फिरलेली लिव्हर हातानें जागेवर येते. तुटलेली येत नाहीं.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफारांस मनाई करतें, आणि त्याच्याच आधारें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें मोटारगाड्यांच्या पुढील लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविलें. म्हणून मोटारसायकलसाठींही निर्मात्यानेंच त्या नमुन्याकरितां दिलेला गार्ड घेणें श्रेयस्कर.

शेवटीं गार्डाची मर्यादा. १९८० च्या दशकांत ब्रिटनमध्यें मोटारसायकलस्वारांच्या पायांसाठीं संरक्षक बसविण्याचे प्रयोग झाले. त्यांवर वाद माजला, कारण भरवेगांतील टकरींत पाय वांचला तरी स्वाराचें शरीर निराळ्या रीतीनें फेंकलें जाऊन डोक्याला वा छातीला अधिक इजा होईल, असा आक्षेप निर्मात्यांनीं घेतला. यांतून एवढें ध्यानीं ठेवावें कीं, गार्ड हा उभी किंवा मंद गाडी पडण्यावरचा उपाय आहे, वेगावरचा नव्हे. डोक्याचें रक्षण शिरस्त्राणच करतें.

विंचूरच्या बाजारांतील त्या शेतकऱ्याची गाडी योग्य गार्ड असता तरीही पडलीच असती. पण त्यानें ती उचलली असती, फिरलेली लिव्हर सरळ केली असती, कमानीवरची माती पुसली असती आणि दिवस मावळण्यापूर्वीं तो घरीं पोंचला असता. चांगल्या गार्डाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. आणि एवढी त्यानें पुरविली तरी ती थोडी नव्हे.